थोडं थांब, बोलायचं आहे

माझ्या नातीला यंदा एम.ए.ला एक जुनी कादंबरी लागली आहे. परवा तिने ते पुस्तक माझ्यासमोर टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "आजी, यातला सरदार अन् कुंभाराचा भाग फार फेमस आहे म्हणे. सरंजामी क्रौर्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतोच." नवी आवृत्ती, गुळगुळीत कव्हर, मागे कुणा प्राध्यापकांनी लिहिलेलं कौतुक. मी पुस्तकाला हात लावला नाही. तिला वाटलं, आजीचे डोळे थकले. थकले आहेतच, पण त्या प्रकरणासाठी मला डोळ्यांची गरज नाही. ते मला पाठ आहे, आणि तेही माझ्या मायच्या आवाजात. दहा मार्कांत बसेल एवढं ते लहान नाही, हे पोरीला कसं सांगणार? म्हणून इथे लिहिते आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला कोठी होती. सगळे तिला कोठीच म्हणत आणि तिच्या मालकांना मालक. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कधीच गेली होती, पण मालक कुठे गेले नव्हते. शहराबाहेर मौद्याकडे त्यांची धानाची शेती होती आणि तिच्यावर माझे बाबा देखरेख ठेवत. त्यामुळे बाबा बहुतेक दिवस तिकडे, आणि मी व माय कोठीच्या मागच्या अंगाला दिलेल्या दोन खोल्यांत. भाडं नव्हतं आणि करारही नव्हता. "राहा तुम्ही," एवढं मालक एकदा म्हणाले होते, आणि त्या दोन शब्दांवर आमचं छप्पर उभं होतं. मायला हे रोज आठवायचं. माझ्या हातून कोठीच्या विहिरीवर बादली जोरात आपटली तरी ती खालच्या आवाजात म्हणायची, "हळू वं कुमुद, आपण दुसऱ्याच्या घरात राहून राहिलो." पहाटे रहाटाची कुरकुर, मग मायच्या भाकरीची थापथूप, मग चुलीत भाजत ठेवलेल्या वांग्याचा वास. त्या दोन खोल्यांत आमचं काही वाईट चाललं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. उन्हाळ्यात माय कैरीचं पन्हं करायची आणि त्यात वेलदोडा जरा सढळ हाताने टाकायची. तेवढीच तिची चैन.

माय सातवी शिकलेली होती आणि तिचं वाचन फार सुरेख होतं. घरात ती आमच्याकडच्या सगळ्यांसारखी "मले, तुले" बोलायची, पण पुस्तक हातात घेतलं की तिच्या गळ्यातून कुणी दुसरीच बाई बोलू लागे, सावकाश, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. मालकांना साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांवर आला होता. डॉक्टरांनी वाचन बंद केलं. घरात पुस्तकांची कपाटं आणि वाचायला कुणी नाही. बाबांनी कधीतरी मायच्या वाचनाचं कौतुक केलं असणार, कारण एके दिवशी निरोप आला आणि माय दुपारची कोठीत वाचायला जाऊ लागली. मी बरोबर असायचेच, कारण बाईमाणसाने एकटीने जाणं बरं दिसलं नसतं. मालकांच्या पत्नी, त्यांना आम्ही काकीसाहेब म्हणायचो, त्याही तिथे बसून असत. त्या काही बोलत नसत. अडकित्त्याने सुपारी कातरत बसत.

ज्यांनी नागपूरचा मे पाहिला नाही त्यांना ती खोली कशी सांगू? खिडक्या-दारांना वाळ्याचे ताटे, म्हणजे वाळ्याच्या मुळांचे जाड पडदे, लावलेले. त्यांच्यावर पाणी मारलं की बाहेरची झळ आत येताना गार आणि सुगंधी होऊन यायची. ते पाणी मारणं माझं काम. थोड्या थोड्या वेळाने तांब्या घेऊन व्हरांड्यात जायचं, ताटे भिजवायचे आणि चटके बसत असलेल्या पायांनी आत पळत यायचं. आत संध्याकाळसारखा अंधार. माय मुद्दाम एका फटीशी बसायची, तिथून पानावर उजेडाची एक रेघ यायची. मालक आरामखुर्चीत, पांढरं धोतर, पांढरा सदरा, भरघोस मिशी, डोळे मिटलेले. त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. नोकराला हाक मारायची तरी "जरा येता का" असं म्हणायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, देवमाणूस. आणि तरीही त्यांच्यासमोर माय पदर दहादा सारखा करायची, ते का, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

कादंबरीतलं ते प्रकरण असं. सरदाराच्या मिरवणुकीच्या वाटेत एका कुंभाराचं गाढव आडवं येतं. सरदार रागावत नाही. तो कुंभाराला वाड्याच्या चौकात उन्हात ओणवं उभं राहायला लावतो, पाठीवर धोंडा ठेवायला सांगतो आणि आत पंगतीला जाऊन बसतो. पंगत मोठी, पदार्थ खूप, गप्पा रंगतात. सरदार मध्येच म्हणतो, त्या कुंभारासाठीही एक पान वाढा. जेवणं उरकतात, पान बाहेर नेतात, तर कुंभार मेलेला. सरदाराला वाईट वाटतं. तो म्हणतो, अरेरे, पान वाढलं होतं की त्याच्यासाठी. बस, इतकंच. मायने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिचा आवाज फुटला आणि काकीसाहेबांचा अडकित्ता थांबला. मालकांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "काय माणूस होता! आता अशी माणसं राहिली नाहीत." मायने घरी येऊन चूल पेटवता पेटवता मला विचारलं, "ते कुंभाराले म्हणाले का वं, का सरदाराले?" मी म्हटलं, कुंभाराला असेल. ती फुंकणीने जाळ करत राहिली.

पण मालकांनी ते प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. बाकीचं पुस्तक पुढे सरकायचं, मध्येच ते म्हणायचे, "बाई, आज पंगतीचं वाचा." त्यांना ते तोंडपाठ झालं होतं. मायचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते डोळे न उघडता दुरुस्त करायचे. एकदा म्हणाले, "लोक सरदाराला दुष्ट म्हणतात. पान वाढलं होतं, हे विसरतात." त्या दिवसापासून मायला ते पुस्तक उघडायची भीती वाटू लागली. तिने तसं मला स्पष्ट सांगितलं. बाबा मौद्याहून आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, "पुस्तक आहे ते. वाचायचं अन् घरी यायचं."

आता किसनचं सांगते. किसन सायकलरिक्षा चालवायचा आणि आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बायको सोनाबाईबरोबर राहायचा. शाळा असली की आम्हा मुलींना तोच न्यायचा. काटकुळा, डोक्याला दुपट्टा, आणि उन्हाळाभर सदऱ्याच्या खिशात एक कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. कोठीच्या फाटकाशी कडुलिंबाखाली दगडी ओटा होता. त्याच्यावर कुणीही बसावं, मालकांची ना नव्हती. फक्त मालकांची गाडी फाटकातून निघाली की ओट्यावरच्या माणसांनी उठून उभं राहायचं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या दिवशी सकाळी उशिरा किसन ओट्यावर भाकर खात बसला होता. एका हातात भाकर, दुसऱ्या हाताच्या पंजावर चटणी. गाडी निघाली. तो हसला, मान लववली, पण उठला नाही. मी विहिरीवरून पाहत होते. मालकांना तेव्हा माणसं धुरकट दिसायची, चेहरा ओळखू यायचा नाही. पण कुणीतरी बसलं आहे आणि उठलं नाही, एवढं त्यांना दिसलं. गाडी थांबली. "कोण आहे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरने नाव सांगितलं. गाडी गेली.

दुपारी आम्ही कोठीत शिरलो तेव्हा किसन अंगणाच्या फरशीवर उभा होता. त्याची रिक्षा आत घेऊन फाटक लावलेलं. मायने विचारलं, "काहून गा किसन, इथं काय करून राहिला?"

"मालकानं बलावलं, बाई," तो म्हणाला. "म्हणाले, थोडं थांब, बोलायचं आहे. मंग थांबलो."

"सावलीत तरी थांब."

"इथंच थांब म्हणाले."

आत मालक नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते. "या, बाई," ते म्हणाले. "आज पंगतीचं वाचा."

माय बसली. तिने पान काढलं आणि वाचू लागली. मी ताटे भिजवायला बाहेर गेले तर किसन होता तिथेच. त्याने दुपट्टा डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला होता आणि एक पाय उचलून दुसरा टेकवत होता. मी आत येऊन मायच्या कानाशी म्हटलं, "किसनभाऊ उन्हातच आहेत." मायचं वाचन थांबलं नाही, पण तिचं बोट ओळीवरून सुटलं. कुंभार चौकात उभा होता, आत पहिला भात वाढला होता, आणि माय वाचत होती, "तेवढ्यात सरदारांच्या भगिनी उठल्या आणि त्यांनी स्वतः कुंभाराला पाणी नेऊन दिलं."

"बाई," मालक म्हणाले, "तिथे भगिनी नाही."

माय पुढे वाचत गेली. "सरदारांनी हात धुतले आणि म्हणाले, पुरे झालं, सोडा त्याला."

"पुस्तकात तसं नाही," मालक अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आहे तसं वाचा."

अडकित्त्याचा आवाज बंद पडला होता. काकीसाहेब मांडीकडे बघत होत्या. मायने पुस्तक मिटलं नाही. ती तशीच, उघडं पुस्तक हातात धरून, उभी राहिली. "वाचते, मालक," ती म्हणाली. "पण इथं अंधार आहे. मले अक्षर दिसून नाही राहिलं. उजेडात वाचते." आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन ती ताटा सारून बाहेर गेली.

चपला मागच्या दाराशी राहिल्या होत्या. ती अनवाणीच त्या फरशीवर चालत गेली. किसनला पाणी दिलं. तो गटागट प्याला, निम्मं अंगावर सांडलं. मग ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि जिथे थांबली होती तिथून वाचू लागली, आहे तसं, एकही शब्द न बदलता. फक्त आवाज खोलीतला नव्हता. माझ्या मायला एवढा मोठा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. पंगत, पदार्थ, हास्यविनोद, चौकातला धोंडा, सगळं फाटकापलीकडे जाऊ लागलं. दुपारची गल्ली ओस असते आमच्याकडे, कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण दारं उघडली. कुणी डोक्यावर टॉवेल घेऊन, कुणी पोराला कडेवर घेऊन, माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. माय वाचता वाचता एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होती, अगदी किसनसारखी. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी छाती फुगून आली होती.

पान वाढण्याचा प्रसंग आला तेव्हा मालक भिंत चाचपत व्हरांड्यात आले. "अरे किसन," ते म्हणाले, "तू अजून इथेच? मी विसरलोच बघ. जा, पुन्हा कधी ये. बोलू." फाटक उघडलं. किसनने रिक्षाचं हँडल धरलं आणि त्याला तोल सावरेना. शेवटी गल्लीतल्या पोरांनी त्याला त्याच्याच रिक्षात सीटवर बसवलं आणि ढकलत घरी नेलं. गेली कित्येक वर्षं रिक्षा चालवली होती त्याने, पण त्याला मागे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला. नागपुरात उन्हाने माणूस मेला तर कुणी कुणाला जाब विचारत नाही. ऊन लागलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सोनाबाई रडत रडत मायला एकच सांगत होती, "बाई, खिशातला कांदा पाह्यला मी. शिजल्यावानी मऊ झालता वं." आम्ही तिथे बसलो असतानाच कोठीचा नोकर आंब्यांची टोपली घेऊन दारात आला. मालकांनी किसनसाठी पाठवली होती, बरं वाटावं म्हणून. नोकराला आत काय झालं आहे ते माहीत नव्हतं. मायने टोपलीकडे पाहिलं. ती मला घट्ट धरून म्हणाली, "पान आलं वं कुमुद. पान आलं."

मालकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वाईट झालं. बोलायचं राहूनच गेलं."

आता आपल्याला घर सोडायला सांगणार, असं माय धरून चालली होती. बाबा धावत आले. मायवर चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. पण कोठीतून एक शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नोकर आला आणि नेहमीसारखं म्हणाला, मालक वाचायला बोलावतात. माय गेली. जाईल नाही तर काय करेल? त्या दोन खोल्यांशिवाय आम्हाला जागा नव्हती. पावसाळा लागला तरी ती जात राहिली. मालक पूर्वीइतकेच सौजन्याने बोलत, मला बत्तासे देत, बाबांची चौकशी करत, आणि रोज परत येताना माय म्हणायची, "आज नाही बोलले. उद्या बोलतील." रागावला असता माणूस तर बरं झालं असतं. ते न बोलणं आमच्या घरात येऊन बसलं होतं. भाकरी करपायची, दूध उतू जायचं, माय दाराकडे कान लावून बसलेली. मालकांची नजर तोवर पार गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच त्यांना कळायचं. ते प्रकरण मात्र त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते, आणि तिच्याबरोबर बडगे. वर्षभरात ज्याने छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, ओरडत मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. आमच्या गल्लीचाही एक लहानसा बडग्या असायचा. तो निघण्याआधी मालकांनी फाटकात येऊन त्याला हार घालायचा आणि नारळ फोडायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्या वर्षी पोरं मायकडे आली होती. "बाई, तुम्ही अंगणात वाचला तो सरदार दिसायले कसा होता?" माय म्हणाली, "पुस्तकात त्याचं तोंड नाही दिलं, बाबांनो." तेव्हा पोरांनी त्याला त्यांच्या ओळखीचं तोंड दिलं.

ताशा वाजत फाटकाशी आला. मालक हार घेऊन उभे होते, मागे नोकर नारळ घेऊन. आम्हीही तिथेच होतो, बाबा सणासाठी आलेले. आणि समोर तो बडग्या आला. ताशा आपोआप बंद पडला. "काय झालं?" मालकांनी विचारलं. मग मायच्या दिशेने मान वळवली. रोज तीच त्यांना सगळं वाचून दाखवायची ना. "बाई, यंदा कोण आहे बडग्या?"

बाबा मायच्या पाठीशी होते. ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, "सरदार आहे म्हण. पुस्तकातला." ते खोटंही नव्हतं. तेवढं म्हटलं असतं तर दोन खोल्या राहिल्या असत्या. मायने पदर नीट केला आणि आपल्या वाचायच्या आवाजात, सावकाश, स्वच्छ, सांगायला सुरुवात केली.

"खुर्चीत बसला आहे. पांढरं धोतर, पांढरा सदरा. डोळे मिटलेले आहेत. मांडीवर उघडं पुस्तक आहे. गळ्यात कांद्यांची माळ घातली आहे. खुर्ची रिक्षात ठेवली आहे."

"कुणाच्या रिक्षात?"

"किसनच्या."

मालकांनी हात पुढे केला. बोटं माळेवरून वर गेली, कागदी गालावर फिरली, मिशीवर थांबली. त्यांनी हार घातला नाही आणि खालीही टाकला नाही. तो तसाच हातात ठेवून ते मायकडे वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, थोडं थांबा. बोलायचं आहे तुमच्याशी."

मी मायचा पदर धरला. गर्दीतून सोनाबाईचा हुंदका ऐकू आला.

"आता नाही थांबत, मालक," माय म्हणाली. "वाचून झालं माझं." मग पोरांकडे वळून ती जोरात म्हणाली, "चला गा, ऊन चढून राहिलं!" आणि तिने रिक्षाला मागून हात लावला. मीही लावला. रिक्षा हलली. पुढून कुणीतरी ओरडलं, "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि सगळी गल्ली ओरडू लागली. मी मागे वळून पाहिलं. बाबा अजून फाटकातच उभे होते, मालकांच्या समोर. मग त्यांनी खिशातून आमच्या खोल्यांची किल्ली काढली, ओट्यावर ठेवली, आणि धावत येऊन रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला हात लावला.